‘पेड टेस्ट सिरीजशिवाय नीट निघत नाही’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

आठवड्याभरापूर्वी एका रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा फोन आला. आमच्याकडे एवढ्या रात्री फोन वाजला की पहिलं मनात येतं ते आई-अप्पांचंच, म्हणून मी धडपडत उचलला, तर ती म्हणते, "ताई, आज बारापर्यंत भरले तर साडेअठरा हजार, नाहीतर उद्यापासून चोवीस. भरू का? ह्यांनी शेजारून उसने आणलेत, सकाळी सोयाबीन विकायला काढतो म्हणतात." दिवाळी होऊन गेली तरी त्यांनी सोयाबीन घरात ठेवलं होतं, भाव जरा बरा येईल म्हणून. चार हजाराच्या आसपास भाव असताना साडेअठरा हजार म्हणजे साडेचार क्विंटलच्या वर माल. आणि हे कशासाठी तर भाचीच्या नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या, ऑनलाइन टेस्ट सिरीजसाठी, कारण त्यांच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज आला होता.

तो मेसेज मलाही आत्तापर्यंत चार ठिकाणी आलाय. आमच्या स्टाफच्या ग्रुपवर, सोसायटीच्या, माहेरच्या, आणि एका पालकाने तर मलाच पाठवून विचारलं की मॅडम खरं आहे का हे. मी ज्युनियर कॉलेजला चोवीस वर्षं केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे अशा मेसेजकडे आजवर दुर्लक्षच करत आले. पण आता घरापर्यंत आलंय तर सविस्तर लिहिते. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी मेसेज थोडक्यात असा:

"पालकांनो, डोळे उघडा. १) सरकारी मेडिकलला ६५०+ लागतात आणि पेड टेस्ट सिरीजशिवाय ते आजवर कुणालाही मिळाले नाहीत, सगळ्या टॉपर्सनी तीच लावली होती. २) गेल्या नीटचे ८०% प्रश्न टेस्ट सिरीजमधून जसेच्या तसे आले. ३) फुकटच्या टेस्ट म्हणजे कचरा. ४) आजपासून रोज एक फुल टेस्ट, परीक्षेपर्यंत १५० झाल्याच पाहिजेत. ५) टेस्ट सिरीजमधला ऑल इंडिया रँक हाच तुमच्या पाल्याचा खरा रँक, तो बघून वेळीच निर्णय घ्या. ६) ज्यांना पोरांच्या आयुष्यापेक्षा काही हजार मोठे वाटतात त्यांनी नंतर रडू नये."

पहिला मुद्दा घेऊ, ७२० पैकी ६५०+. हा आकडा ज्याने लिहिलाय त्याने मे २०२५ च्या परीक्षेचा निकाल उघडूनसुद्धा बघितलेला नाही. त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ होते. २२ लाखांवर मुलं परीक्षेला बसली आणि ६५१ ते ६८६ ह्या पट्ट्यात किती होती? ७३. संपूर्ण भारतात त्र्याहत्तर. ६०१ ते ६५० मध्ये १,२५९. म्हणजे सहाशेच्या वर अख्ख्या देशात दीड हजारही पोरं नव्हती, आणि सरकारी कॉलेजांतल्या एमबीबीएसच्या जागा देशभरात पन्नास हजारांच्या वर आहेत. त्या जागा काय रिकाम्या राहिल्या का? नाही राहिल्या. फिजिक्सचा पेपर अवघड आला, सगळ्यांचेच मार्क खाली आले, आणि कटऑफही त्यांच्याबरोबर खाली आला. आदल्या वर्षी, २०२४ ला, ह्याच्या बरोबर उलटं झालं होतं, सुधारित निकालानंतरसुद्धा १७ जणांना ७२० पैकी ७२० होते आणि साडेसहाशेच्या वरची मुलं हजारोंनी होती. तो २०२४ चा आकडा उचलून आज लोकांना घाबरवायला वापरतायत. मार्कांना स्वतःची अशी काही किंमत नसते हो, त्या वर्षीच्या पेपरात बाकीच्यांना किती पडले त्यावर सगळं ठरतं. एवढी साधी गोष्ट ज्याला माहीत नाही तो पालकांना डोळे उघडायला सांगतोय.

आता टॉपर्स. सगळ्या टॉपर्सनी तीच लावली होती हे कशावरून, तर जाहिरातीत फोटो आहेत म्हणून. निकालाच्या दुसऱ्या दिवशी कुठल्याही शहराच्या चौकात उभं राहून होर्डिंग बघा, एकच पोरगा दोन-तीन क्लासच्या बोर्डवर हसताना दिसतो. ग्राहक संरक्षणाचं जे केंद्रीय प्राधिकरण आहे त्यांनी यूपीएससीच्या क्लासेसची चौकशी केली तेव्हा निघालं की जाहिरातीत झळकवलेल्या कितीतरी यशस्वी उमेदवारांनी फक्त मुलाखतीच्या मार्गदर्शनापुरतीच त्या क्लासची पायरी चढली होती, पूर्व आणि मुख्य परीक्षा त्यांची ती पास झाली होती, आणि जाहिरातीत हे लपवलं होतं. म्हणूनच नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी वेगळे नियम काढावे लागले. शंभर टक्के सिलेक्शनची हमी देता येत नाही, आणि विद्यार्थ्याचा फोटो लावायचा तर त्याची निकालानंतरची लेखी परवानगी लागते, त्याने कुठला कोर्स केला, पैसे भरून केला का, हे सगळं फोटोजवळ लिहावं लागतं. तेव्हा पुढच्या वेळी कुणी टॉपरचा फोटो दाखवला तर एवढंच विचारा, हिने तुमच्याकडे नक्की काय केलं? उत्तर देताना जो विषय बदलेल त्याला पैसे देऊ नका.

दुसरा मुद्दा, ८०% प्रश्न जसेच्या तसे. ह्याला जास्त वेळ देत नाही. १५० टेस्ट गुणिले प्रत्येकी १८० प्रश्न म्हणजे २७,००० प्रश्न. त्यातले निम्मे बायोलॉजीचे, १३,५००. एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या पाठ्यपुस्तकांच्या, अकरावी-बारावीच्या बायोलॉजीत मिळून आता ३२ धडे आहेत. म्हणजे एकेका धड्यावर चारशेच्या वर प्रश्न. एका धड्यावर चारशे प्रश्न काढले की त्या धड्यातली एक ओळ शिल्लक राहत नाही, मग परीक्षेत जे येईल ते त्यांच्यात सापडणारच, आणि तेच ज्या पुस्तकातून आलंय त्या पुस्तकातही सापडणार, जे एनसीईआरटीच्या साइटवर फुकट आहे. आणि जर खरोखरच ऐंशी टक्के प्रश्न जसेच्या तसे आधीच कुणाकडे होते असं म्हणणं असेल तर ती पेपरफुटी झाली, आणि त्याच्यासाठी २०२४ मध्ये वेगळा कायदा झालाय. त्या साली नीटच्या पेपरफुटीचा सीबीआयचा तपास पाटणा, हजारीबाग करत आपल्या लातूरपर्यंत आला होता, विसरले का लोक?

तिसरा, फुकट म्हणजे कचरा. नीट घेते कोण, तर एनटीए. त्याच एनटीएने मे २०२० मध्ये ‘नॅशनल टेस्ट अभ्यास’ नावाचं फुकट ॲप काढलं, जेईई आणि नीटच्या सराव परीक्षांसाठी. आयआयटी कानपूर आणि शिक्षण मंत्रालयाचं ‘साथी’ २०२३ पासून आहे, त्यावर व्हिडिओही आहेत, टेस्टही आहेत, एक रुपया लागत नाही. एनसीईआरटीची एक्झेम्प्लर, म्हणजे जादा सरावाच्या प्रश्नांची, पुस्तकं फुकट. आणि ह्या सगळ्यापेक्षा मौल्यवान म्हणजे जुने पेपर. २०१६ पासून २०२५ पर्यंत दहा वर्षांचे धरले तरी दहापेक्षा जास्तच पेपर भरतात, कारण २०१६ ला नीट दोन टप्प्यांत झाली, २०२० ला राहिलेल्यांसाठी ऑक्टोबरात परत झाली, २०२४ ला ग्रेस मार्कांच्या गोंधळानंतर १,५६३ मुलांना फेरपरीक्षेचा पर्याय दिला गेला. हे पेपर ज्यांनी काढलेत तीच माणसं, निदान तीच पद्धत, उद्याचा पेपर काढणार. ह्याहून खरी टेस्ट सिरीज कुणाकडे असणार? फक्त एक काळजी घ्यायची, २०२४ पासून अभ्यासक्रम कमी झालाय तर जुन्या पेपरातले गाळलेल्या भागावरचे प्रश्न आधी काट मारून बाजूला काढायचे. आणि विकतच्या सिरीजच्या बाबतीतही हेच बघा, कारण माझ्या एका विद्यार्थिनीने पैसे भरून घेतलेल्या सिरीजमध्ये गाळलेल्या टॉपिकवरचे प्रश्न सर्रास होते, कळवलं तर उत्तर आलं की सरावासाठी चांगलेच आहेत. पोरगी दोन दिवस ते टॉपिक शोधत बसली होती पुस्तकात.

आता जे खरं आहे ते मान्य करते, नाहीतर मी टेस्टच्याच विरोधात आहे असं कुणीतरी म्हणेल. टेस्ट देण्याने फायदा होतो. चांगलाच होतो. ह्यावर एक प्रयोग आहे जो मी दरवर्षी अकरावीच्या पहिल्या आठवड्यात वर्गात सांगते. अमेरिकेत रोएडिगर आणि कार्पिक ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रं वाचला, फक्त वाचला. दुसऱ्या गटाने एकच सत्र वाचला आणि पुढची तीन सत्रं न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते, त्यांना ८३ टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने परत विचारलं तर वाचणारे ४० वर घसरले आणि लिहिणारे ६१ वर होते. आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट ही की वाचणाऱ्यांनाच जास्त खात्री होती की आपल्या लक्षात राहील. आमची पोरं नेमकी ह्याच खात्रीवर हायलायटर घेऊन बसतात.

पण ह्या प्रयोगातली टेस्ट काय होती ते नीट बघा. कागद आणि पेन. ना ॲप, ना रँक, ना ग्राफ, ना साडेअठरा हजार. पुस्तक मिटवून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिणं, एवढीच. म्हणजे टेस्टने फायदा होतो हे वाक्य खरं आणि म्हणून पैसे भरा हे त्याला चिकटवलेलं वाक्य वेगळं, आणि मेसेजवाले पहिल्याच्या जोरावर दुसरं विकतात.

अजून एक मान्य करते, नाइलाजाने. नीट अजून कागदावर होते, ओएमआर शीटवर गोळे रंगवायचे, १८० मिनिटांत १८० प्रश्न, आणि फोनवर टेस्ट देण्यात ती सवय लागत नाही. एखादी मुलगी घरीच ड्रॉप घेऊन, म्हणजे एक वर्ष फक्त नीटच्या तयारीसाठी थांबून, बसली आहे, कॉलेज नाही, क्लास नाही, घरात तीन तास शांतता नाही, तर जवळच्या एखाद्या सेंटरवर जाऊन कागदावर देता येणारी, शेवटच्या दोन-तीन महिन्यांची, दीड-दोन हजारांची सिरीज तिने लावली तर मी नाही म्हणणार नाही. तिथे ती प्रश्नांचे पैसे देत नाही, बाकाचे आणि घड्याळाचे देते. पण ज्या पोरांच्या क्लासच्या फीमध्ये टेस्ट आधीच धरलेल्या आहेत त्यांनी वर दुसरी सिरीज घेणं मला तरी कळत नाही, पहिल्याच टेस्टचे चुकलेले प्रश्न बघायला त्यांना वेळ झालेला नसतो.

आणि तिथूनच चौथा मुद्दा येतो, रोज एक फुल टेस्ट. ज्याने हे लिहिलं त्याने आयुष्यात एक तरी पेपर नीट तपासून बघितला आहे का? टेस्ट तीन तासांची, आणि तिचं काम नंतर सुरू होतं. चुकलेला प्रत्येक प्रश्न काढायचा, का चुकला ते शेजारी लिहायचं. येतच नव्हतं, की अर्धवट येत होतं, की येत होतं पण वाचण्यात चूक झाली. ह्याला चार-पाच तास लागतात, माझ्यासारखीला लागतात तर पोरांना लागणारच. बरोबरला अधिक ४, चुकीला वजा १, म्हणजे जो प्रश्न तुम्ही चुकवलाय तो पुढच्या वेळी बरोबर आला तर एका प्रश्नामागे ५ मार्कांचा फरक पडतो. मार्क त्या चुकांच्या वहीत आहेत. रोज टेस्ट देणारं पोरगं ती वही कधी लिहिणार? सकाळी टेस्ट, दुपारी मार्क बघून रडणं, संध्याकाळी क्लास, रात्री उद्याच्या टेस्टची भीती. नवीन शिकणार कधी? बारावीचं कॉलेज, प्रॅक्टिकल्स, बोर्ड हे आहेच. आठवड्याला एक पूर्ण टेस्ट आणि शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात दोन किंवा तीन, ह्याच्या वर मी माझ्या पोरांना देऊ देत नाही.

आता पाचवा मुद्दा, ज्याच्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसले. टेस्ट सिरीजमधला रँक हाच खरा रँक, तो बघून वेळीच निर्णय घ्या.

बहिणीने त्या रात्री पैशाचं आधी सांगितलं आणि मग आवाज खाली करून म्हणाली, "ताई, ती दोन दिवस जेवली नाही नीट. डॉक्टर व्हायचं नाही म्हणते." झालं असं होतं की सिरीज विकणाऱ्यांनी एक फुकट डेमो टेस्ट दिली होती. भाचीने ती दिली. २६५ आले. खाली लाल अक्षरात आलं, अंदाजे रँक अमुक लाख, सरकारी एमबीबीएसची शक्यता नाही, आणि त्याच्याच खाली बटण, आजच प्लॅन घ्या आणि रँक सुधारा.

मी दुसऱ्या दिवशी रविवार होता म्हणून गाडी काढून बहिणीकडे गेले. भाचीला म्हटलं तो पेपर आण. ती म्हणाली, "मावशी, नको ना." मी म्हटलं आण, मार्क बघत नाही मी, पेपर बघते. तिच्या शेजारी बसले आणि एकेक प्रश्न घेतला. पेपर संपूर्ण अभ्यासक्रमावर होता. आत्ता बारावीचा अर्धा भागही कॉलेजमध्ये शिकवून झालेला नाही. १८० पैकी ७० प्रश्न अशा धड्यांवर होते जे तिला अजून कुणी शिकवलेलेच नाहीत. त्यातले ४० तिने घाबरून अंदाजाने सोडवले, ९ बरोबर आले, ३१ चुकले, हातात आले ५ मार्क. उरलेले ११० प्रश्न जे शिकून झाले होते ते तिने सगळे सोडवले होते, त्यातले ७४ बरोबर, ३६ चूक, म्हणजे ४४० पैकी २६०. आणि त्या ३६ चुकांत १३ अशा होत्या की तिने मला तिथल्या तिथे बरोबर उत्तर दिलं, ‘खालीलपैकी चुकीचे विधान कोणते’ ह्यातलं ‘चुकीचे’च वाचलं नव्हतं, किंवा एकक बदललं नव्हतं. १३ गुणिले ५, पासष्ट मार्क. ते धरले तर ४४० पैकी ३२५. सहा महिने हातात असलेल्या, शिकवलेल्या भागात चौऱ्याहत्तर टक्क्यांच्या जवळ जाऊ शकणाऱ्या मुलीला त्या ॲपने सांगितलं होतं की शक्यता नाही.

जे शिकवलंच नाही त्याची परीक्षा घ्यायची, कमी मार्क पडणारच, मग त्या मार्कांवर रँक काढून लेकराच्या हातात द्यायचा आणि वर औषध म्हणून आपलाच प्लॅन पुढे करायचा. हे विकण्यासाठी केलं जातंय आणि सतरा वर्षांच्या मुलांवर केलं जातंय. मला ह्याची चीड येते, आणि मी ती लपवणार नाही.

आता तो रँक कसा निघतो ते बघा. त्या सिरीजमध्ये बसलेत किती, तर ज्यांनी पैसे भरलेत किंवा डेमो दिलाय ते. त्यात ड्रॉप घेतलेली, दुसऱ्या-तिसऱ्यांदा देणारी, सगळा अभ्यासक्रम संपवून बसलेली मुलं किती आणि हिच्यासारखी अर्धा अभ्यासक्रम झालेली किती, हे कुठेच लिहिलेलं नाही. घरी फोनवर दिलेल्या टेस्टमध्ये पुस्तक उघडं ठेवून कितीजणांनी दिली हेही नाही. आणि मग त्या आकड्यावरून २२ लाखांच्या परीक्षेतला रँक काढायचा, तोही अशा पेपरासाठी जो अजून निघालेलाच नाही. वर सांगितलं ना, २०२४ ला आणि २०२५ ला एकाच मार्कांचा अर्थ किती वेगळा झाला ते. खुद्द त्या दोन वर्षांत सहाशे मार्कांना काय रँक पडेल हे आधी कुणालाच सांगता आलं नव्हतं, तर नोव्हेंबरातल्या डेमो टेस्टवरून हे कुठून सांगणार?

‘वेळीच निर्णय घ्या’ हे तर अजून वाईट. कसला निर्णय? पोरीने सोडून द्यायचं, हाच ना? मी चोवीस वर्षांत बघितलंय, नोव्हेंबरात अडीचशे घेणारी पोरं मे महिन्यात कुठल्या कुठे जातात आणि नोव्हेंबरात पहिली येणारी कधीकधी मार्चमध्ये दमून बसलेली असतात. सगळेच पोहोचतात असं मी कधीच म्हणणार नाही, बहुतेक पोहोचत नाहीत, जागाच तेवढ्या नाहीत. पण ते मे महिन्यातल्या पेपराने ठरू दे. आणि पालकांना हात जोडून सांगते, असा रँक घरात आला की तो पोरांसमोर मोठ्याने वाचू नका, नातेवाइकांना पाठवू नका. पोरगं जेवत नसेल, झोपत नसेल, बोलत नसेल तर टेस्ट बंद करा, महिनाभर बंद करा, काही बिघडत नाही. आणि तरीही फरक पडला नाही तर सरकारची टेलिमानसची १४४१६ ही फुकट हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं, फोन करायला लाजू नका.

शेवटचा मुद्दा, ज्यांना पोरांच्या आयुष्यापेक्षा काही हजार मोठे वाटतात. हे वाक्य माझ्या बहिणीच्या मिस्टरांनी मला स्वतः वाचून दाखवलं. शांत माणूस आहे तो, फार बोलत नाही. म्हणाला, "ताई, उद्या ती म्हणायला नको की बापाने पैशाकडे बघितलं." त्याच्याकडे बघून मला त्या मेसेजच्या बाकीच्या पाच मुद्द्यांपेक्षा ह्या एका वाक्याचा जास्त राग आला. कारण बाकीच्यांना आकड्यांनी उत्तर देता येतं, ह्याला येत नाही. त्याने अकरावीपासून पोरीला रोज पहाटे फाट्यापर्यंत सोडलंय, क्लासची फी हप्त्याने भरलीय. नीटचा स्वतःचा फॉर्म खुल्या गटाला १,७०० रुपयांचा आहे. त्या परीक्षेच्या सरावाला कुणी परीक्षेच्या फीच्या दहापटीहून जास्त मागतो आणि नाही दिले तर बापाच्या मायेवर बोट ठेवतो, त्याला मी शिक्षण म्हणणार नाही.

पैसे भरले नाहीत. उसने होते ते सकाळीच परत केले, सोयाबीन अजून घरातच आहे. मी जुन्या पेपरांची झेरॉक्स काढून घेतली आणि शंभर ओएमआर शीटचा एक गठ्ठा आणला, सगळं मिळून पाचशेच्या आत बसलं. सध्या पूर्ण पेपर नाही, जेवढं शिकवून झालंय तेवढ्याचेच प्रश्न मी जुन्या पेपरांतून वेगळे काढून देतेय, जानेवारीनंतर पूर्ण पेपर. वेळ दुपारी दोन ते पाच, कारण खरी परीक्षा त्याच वेळेत असते आणि जेवणानंतरची झोप हा आमच्या घराण्याचा मोठा शत्रू आहे, त्याची सवय आत्तापासून मोडलेली बरी. पेपर झाला की तिने आधी चुकांची वही लिहायची, मार्क सगळ्यात शेवटी मोजायचे, आणि ते तिने आणि मी सोडून कुणाला सांगायचे नाहीत, तिच्या आईलाही नाही.

पहिला रविवार झाला. ९० प्रश्न दिले होते. ‘चुकीचे विधान’ असेल तिथे तिने पेन्सिलीने गोल करून ठेवला होता, प्रत्येक ठिकाणी. वहीत अकरा प्रश्न उतरवलेत, त्यातले चार माझ्याच विषयाचे, केमिकल बाँडिंगचे, ते येत्या बुधवारी फोनवर घ्यायचे ठरलंय. पुढच्या रविवारी तिच्या वर्गातल्या आणखी दोघी येतो म्हणाल्यात, म्हणून शेजारून एक टेबल मागून आणायचंय.